गुरुवारचं डायलिसिस आणि घरी वाटलेले पेढे

या वेळचं पत्र सिन्नरहून आलंय. नाव देत नाही, थोडं कमी केलंय, बाकी त्यांच्याच शब्दांत.

"ताई नमस्कार. माझं वय ४६. माळेगाव एमआयडीसीत ठेकेदारामार्फत स्टोअरला आहे, सात वर्षं झाली. बीपीमुळे दोन्ही किडन्या गेल्या, दोन वर्षांपासून डायलिसिस चालू आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी नाशिकला जायचं आणि तिथून आल्यावर सेकंड शिफ्टला कामावर. एका वेळचे १३०० लागतात, इंजेक्शन वेगळं. पगार १९,५०० आहे पण पीएफ, ईएसआय, पीटी कापून हातात १७,३५० येतात. बायको ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, तिचे तीनेक हजार होतात. दिवाळीनंतर मी गुरुवारचं डायलिसिस बंद केलं, त्या दिवशी जादा ड्युटी करतो. घरी सांगितलं की तब्येत सुधारली म्हणून डॉक्टरांनीच दोनवर आणलं. बायकोने गल्लीत पेढे वाटले. ६०,००० रुपये एकाकडून शेकडा तीनने घेतलेत, तेही तिला माहीत नाही. पोरगी बारावीला आहे, फार्मसीला जायचं म्हणते, मी अजून हो म्हटलेलं नाही. ठेकेदार म्हणतो राजीनामा दे, बरा झालास की ये. गावाकडे अर्धा एकर आहे, तो विकू का? पेढे वाटले त्या दिवसापासून रात्री झोप लागत नाही."

दादा,

जमिनीचं, मुलीचं, ठेकेदाराचं सगळं बोलू, पण आधी गुरुवारचं. हे वाचताय तो कुठलाही वार असो, पुढचा गुरुवार गाळायचा नाही. पैसे नसतील तर घरी वहिनींकडून घ्या, भावाकडून घ्या, कुणाकडूनही घ्या पण मशीनवर जा. तुम्ही मंगळवारी दुपारी मशीनवरून उठता ते थेट शनिवारी सकाळी बसता, म्हणजे जवळपास चार दिवस अंगात पाणी साठतंय आणि पोटॅशियम वाढतंय. पाण्याचं कळतं तरी, पाय सुजतात, दम लागतो. पोटॅशियम सांगून येत नाही, ते थेट हृदयाचे ठोके बिघडवतं, आणि माणूस संध्याकाळपर्यंत चांगला बोलत असतो हो. शनिवार ते मंगळवार ही नेहमीची मोठी गॅपसुद्धा डायलिसिसच्या पेशंटला जड जाते, तुम्ही त्याहून मोठी गॅप दर आठवड्याला स्वतःहून घेताय. आडवं झाल्यावर दम लागला, हातापायातलं बळ गेल्यासारखं वाटलं, छातीत धडधड अनियमित झाली तर सकाळ व्हायची वाट बघू नका, वारही बघू नका, सरळ इमर्जन्सीला जा आणि गेल्या गेल्या सांगा की मी डायलिसिसचा पेशंट आहे आणि माझं एक डायलिसिस चुकलंय.

आणि युनिटमध्ये पण खरं सांगा. तिथल्या टेक्निशियनला तुमचं वजन बघून अंदाज आलाच असणार, त्यांना रोज हेच दिसतं. "सर, पैशामुळे गुरुवार गाळतोय", एवढं एक वाक्य बोलायचंय. ओरडा बसेल कदाचित. बसू दे.

मी एवढं जोर लावून का सांगतेय ते पण सांगते.

आमचे अण्णा. कराडला सायकलचं दुकान होतं, पंक्चर, रिपेअरी, भाड्याच्या सायकली. २००८ ला त्यांना डायलिसिस लागलं. पाणी दिवसाला मोजूनच प्यायचं म्हणून त्यांनी एका स्टीलच्या पेल्यावर कानशीने आडवी रेघ मारून घेतली होती, त्या रेघेच्या वर पाणी घ्यायचं नाही, आणि एवढ्या बाबतीत ते इतके कडक की आम्ही पोरं त्या पेल्याला हात लावायचो नाही. असा शिस्तीचा माणूस, त्यामुळे ते जेव्हा म्हणायला लागले की आज हॉस्पिटलचं मशीन बंद आहे, पुढच्या वेळी बोलावलंय, तेव्हा घरात कुणाला शंकासुद्धा आली नाही. मशीन बंद नव्हतंच. माझ्या धाकट्या भावाची डिप्लोमाची फी भरायची होती आणि अण्णांनी ती डायलिसिसमधून काढायची ठरवली होती. आठ महिने हे चाललं. आधी चपला बसेनाशा झाल्या, आई म्हणाली नवीन घ्या. मग एका रात्री दीडच्या सुमाराला मी उठले तर ते कॉटच्या कडेला बसलेले, दोन्ही हात गुडघ्यावर टेकवलेले, बनियन घामाने भिजलेला, आणि मी विचारलं काय होतंय तर त्यांना एक पूर्ण वाक्य बोलता येईना, एक शब्द, मग श्वास, मग दुसरा शब्द. रिक्षाने नेलं. चार दिवस आयसीयू. आठ महिन्यांत गाळून गाळून जे वाचवलं होतं ते त्या चार दिवसांत गेलंच आणि वर चोवीस हजार घालावे लागले. आईला खरं काय ते आयसीयूच्या बाहेर टेक्निशियनकडून कळलं. ती अण्णांशी भांडली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "मला सांगून माझ्या बांगड्या विकल्या असत्या तर मला काही वाटलं नसतं."

अण्णा त्यानंतर पाच वर्षं होते. तीन डायलिसिसच्या तीन, एकही न गाळता. भावाचा डिप्लोमा बघितला, त्याचं लग्न बघितलं. म्हणून म्हणते दादा, चुकलं ते चुकलं, अजून काही हातातून गेलेलं नाही.

आता पैशाचं बघू. तुमचा हिशोब मी कागदावर मांडला. आठवड्याला तीन म्हणजे महिन्याला तेरा वेळा धरलं तर १६,९०० होतात, म्हणजे हातात येणाऱ्या पगाराएवढेच. तुम्ही कितीही काटकसर केलीत, मोटारसायकलचं पेट्रोल वाचवलंत, चहा सोडलात तरी हा हिशोब बसणारच नव्हता. यात तुमचं कुठे चुकलं म्हणून नाही, कुणाच्याच घरात बसला नसता. तेव्हा खर्च कमी कसा करू हा विचार सोडा, हा खर्च तुमच्या खिशातून जायलाच नको हा विचार करा.

आणि तुमच्या पत्रात तुम्ही एक शब्द असा सहज लिहून पुढे गेलात की मी तिथेच थांबले. "पीएफ, ईएसआय, पीटी कापून." दादा, तुमचं ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची वर्गणी, कापलं जातंय! १९,५०० वर पाऊण टक्का म्हणजे महिन्याला दीडशेच्या आत-बाहेर, आणि त्यावर मालकाने सव्वातीन टक्के भरायचे असतात. पगार २१,००० पर्यंत असला की हे लागू होतं. सात वर्षं तुम्ही हे पैसे भरताय आणि हे कशाचे पैसे आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही, ना ठेकेदाराने ना कंपनीच्या एचआरने, आणि याचा मला खरंच राग येतो, कारण असे किती लोक असतील जे स्लिपवर कापलेली रक्कम बघतात आणि टॅक्स असेल म्हणून सोडून देतात. हे पैसे तुमच्या आजारपणाचे आहेत. ईएसआयमध्ये उपचाराला खर्चाची मर्यादा नसते, आणि डायलिसिस त्यात होतं. ईएसआयच्या हॉस्पिटलात सोय असेल तर तिथे, नसेल तर त्यांच्याशी जोडलेल्या खाजगी हॉस्पिटलात, त्यांचं रेफरल लेटर घेऊन, तुमच्या खिशातून पैसे न जाता.

तर पहिलं काम, पगाराची जुनी स्लिप काढा, त्यावर ईएसआयचा दहा आकडी नंबर असतो, त्याला आयपी नंबर म्हणतात. स्लिपवर नसेल तर एचआरकडे किंवा ठेकेदाराच्या ऑफिसात मागा, ई-पेहचान कार्डाची प्रिंट मागा. तो नंबर एकदा पडला की पडला, ठेकेदार बदलला तरी तोच राहतो, त्यामुळे मध्ये दोन ठेकेदार बदलले असतील तर नवीन नंबर काढू देऊ नका, जुनाच जोडायला सांगा. मुलगी बारावीला आहे ना, तिला मोबाइलवर उमंग अॅप किंवा ईएसआयसीची साइट उघडायला लावा आणि तुमच्या नावावर खरंच दर महिन्याला पैसे भरलेत का ते बघा. कापले पण भरले नाहीत असं निघालं तर घाबरून गप्प बसायचं नाही. कायद्याने ठेकेदाराच्या माणसांचं ईएसआय भरायची पहिली जबाबदारी मूळ कंपनीची असते, त्यामुळे ठेकेदाराशी हुज्जत घालत बसण्यापेक्षा कंपनीच्या एचआरला लेखी द्या आणि त्याची कॉपी ईएसआयसीच्या ब्रँच ऑफिसला द्या, पोच घेऊन.

दुसरं काम, नंबर मिळाला की नाशिकमध्ये सातपूरला ईएसआयचं हॉस्पिटल आहे, तिथे फाइल घेऊन जायचं. फाइलमध्ये काय हवं तर नेफ्रॉलॉजिस्टचं, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांचं, पत्र की आठवड्याला तीन डायलिसिस लागतात, अलीकडचे क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, पोटॅशियमचे रिपोर्ट, कावीळ आणि एचआयव्हीच्या टेस्टचे रिपोर्ट (डायलिसिस युनिट बदलताना हे मागतातच), फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी हातातली शीर जोडतात तो) कधी केला त्याचा कागद, आधार, ई-पेहचान कार्ड. सगळ्याच्या तीन तीन झेरॉक्स. पहिल्या दिवशी काम होईलच असं नाही, रांग असते, साहेब नसतात, एखादा कागद कमी निघतो, त्यामुळे डायलिसिस नसलेल्या दिवशी जा आणि शक्यतो वहिनींना बरोबर न्या. रेफरल लेटर मिळालं की त्यावर मुदत असते, ती कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि संपायच्या आठवडाभर आधी नवीन घ्या, नाहीतर ऐन वेळी युनिटवाले म्हणतात लेटर संपलंय, पैसे भरा. इंजेक्शनचंही विचारून घ्या, रक्त वाढायचं इंजेक्शन आणि आयर्न कुठून मिळणार, कारण डायलिसिस फुकट झालं तरी इंजेक्शनमध्ये पैसे जात राहतात.

आता राजीनाम्याचं. लिहू नका. कोऱ्या कागदावर सही देऊ नका, "नुसतं फॉर्मॅलिटी आहे" म्हणून पुढे केलेल्या कागदावर पण देऊ नका. ठेकेदार कदाचित चांगल्या मनाने म्हणत असेल, मला माहीत नाही, पण राजीनामा दिला की वर्गणी थांबते आणि वर्गणी थांबली की काही महिन्यांत ईएसआयचा हक्क पण जातो, म्हणजे ज्या दोरीला धरून वर यायचं तीच तुम्ही स्वतः कापणार. उलट तुम्हाला झेपत नसेल तर ईएसआयकडून आजारपणाचा भत्ता मिळतो, साधारण आजारात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के. आणि काही मोठ्या आजारांची एक यादी आहे, त्यात क्रॉनिक रीनल फेल्युअर, म्हणजे तुमचा आजार, आहे. त्या यादीतल्या आजारांना वाढीव भत्ता मिळतो, ८० टक्के, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत. अट अशी की दोन वर्षं सलग नोकरी हवी आणि त्या दोन वर्षांतल्या सहा-सहा महिन्यांच्या चार वर्गणी काळांत मिळून किमान १५६ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. सात वर्षं काम करताय म्हटल्यावर पैसे नीट भरलेले असतील तर तुम्ही यात बसायला पाहिजे. आजारपणाचा भत्ता चालू असताना मालकाला कामगाराला सहजासहजी कामावरून काढता येत नाही, ईएसआयच्या नियमांत तसं संरक्षण आहे. हा नियम ठेकेदाराच्या तोंडावर फेकायचा नाही हं, नुसता तुम्हाला माहीत असू द्या, माणूस ताठ उभा राहतो त्याने.

मी असं म्हणत नाही की काम सोडून घरी बसा. काही लोकांना कामावर जाणंच बरं वाटतं, अण्णाही दुकानात बसायचे, मशीनच्या दिवशीसुद्धा संध्याकाळी तासभर. पण सकाळी चार तास मशीनवर, मग नाशिकहून मोटारसायकलने सिन्नर, मग सेकंड शिफ्ट, हे मला बरोबर वाटत नाही. डायलिसिसनंतर बीपी पडतं, चक्कर येते, पायात गोळे येतात, आणि तुम्ही त्या हायवेला ट्रक-कंटेनरच्या मधून गाडी चालवत येताय. एसटीने या. डायलिसिसच्या पेशंटला साध्या एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या पेशंटला आहे तशीच. हॉस्पिटलचं सर्टिफिकेट आणि आधार घेऊन सिन्नर डेपोत विचारा, कुठला फॉर्म लागतो ते तिथे सांगतील.

समजा ईएसआयचं काम लांबलं, महिना दीड महिना गेला, तर तोपर्यंत काय? तोपर्यंत गुरुवार गाळायचा नाही हे आपलं ठरलंय. तेव्हा दुसरा दरवाजा महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा, जिला आपल्याकडे लोक अजून जीवनदायीच म्हणतात कारण २०१२ ला ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने आधी आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती. आमच्या अण्णांना डायलिसिस लागलं तेव्हा ती नव्हती. आता त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे आणि पिवळं-केशरीच पाहिजे असं राहिलेलं नाही, पांढऱ्या रेशन कार्डवाल्यांनाही घेतात. डायलिसिस त्यात आहे. पण ते योजनेतल्या हॉस्पिटलातच होतं, तुमचं सध्याचं युनिट योजनेत आहे का ते १५५३८८ वर फोन करून विचारा, किंवा हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं तिथे जा. तुम्ही ईएसआयमध्ये आहात हेही सांगून टाका, लपवू नका, ते कुठे बसतं कुठे नाही ते त्यांनाच तपासू द्या. आणि रेशन कार्डवर तुमचं नाव आधारवर आहे तसंच आहे का बघून घ्या, नावात एक काना-मात्रा चुकली की अडतं.

नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातही डायलिसिस होतं, सरकारी दवाखान्यांत डायलिसिसचा केंद्राचा कार्यक्रम २०१६ पासून आहे. तिथे शिफ्टला वेटिंग असतं, म्हणून नाव आजच लावून ठेवा, गरज नाही पडली तर सोडून देता येईल. आणि तिथे समाजसेवा अधीक्षक म्हणून एक पोस्ट असते, त्यांच्याकडे जाऊन बसा आणि हेच सगळं सांगा जे मला लिहिलंत. कुठली योजना कुठे चालू आहे, कुठल्या ट्रस्टचे फॉर्म कधी निघतात हे त्यांच्या तोंडावर असतं.

तिसरा दरवाजा धर्मादाय हॉस्पिटलांचा. जी मोठी ट्रस्टची हॉस्पिटलं आहेत त्यांना २० टक्के खाटा गरिबांसाठी ठेवाव्या लागतात, १० टक्के निर्धन लोकांना पूर्ण मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात. वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. तुमचं आणि वहिनींचं धरून पावणेतीन लाखांच्या आत आहे, म्हणजे तुम्ही दुसऱ्यात बसता. यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो सेतूतून काढायला टाका, या आठवड्यातच, कारण हाच दाखला पुढे मुलीसाठी पण लागणार आहे.

हो, मुलीचं. तुम्ही "अजून हो म्हटलेलं नाही" असं लिहिलंय, म्हणजे नाही म्हणायची तयारी चाललीय. नका म्हणू. सरकारने २०२४ ला निर्णय काढलाय, ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि अॅडमिशन सरकारी कॅप राउंडमधून झाली असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. फार्मसी त्यात येते. एससी-एसटीला तर आधीपासून स्कॉलरशिप आहे. तुमचा प्रवर्ग कोणता ते लिहिलेलं नाही, पण जातीचा दाखला, लागत असेल तर नॉन-क्रिमिलेअर आणि व्हॅलिडिटी, हे बारावीचा निकाल लागायच्या आधी हातात पाहिजे, नंतर सगळा सिन्नर तालुका त्याच रांगेत असतो. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर ही माफी मिळत नाही, तेवढं तिला सांगून ठेवा. आणि बापाच्या गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत मोठी झालेली पोरगी फार्मसीला जायचं म्हणतेय, ते उगाच म्हणत नसेल.

गोळ्यांवरून आठवलं, बीपीच्या गोळ्या, फॉस्फरसच्या गोळ्या ज्या रोजच्या आहेत त्यांच्यातलं औषध काय आहे ते डॉक्टरांकडून सुवाच्य लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात दाखवा. बऱ्याच गोळ्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. घेऊन आल्यावर एकदा डॉक्टरांना दाखवा, मग सुरू करा. आणि बीपीची गोळी अर्धी करून पुरवत असाल, तुम्ही लिहिलं नाहीये पण जो माणूस मशीन गाळतो तो गोळीही अर्धी करतो, तर ते पण थांबवा.

सावकाराचं. ६०,००० वर शेकडा तीन म्हणजे महिन्याला १८०० नुसतं व्याज, वर्षाला २१,६००, आणि मुद्दल जिथल्या तिथे. चार गुरुवार गाळून तुमचे महिन्याला ५२०० वाचतात त्यातले १८०० या माणसाच्या खिशात जातायत, म्हणजे प्रत्येक चार गुरुवारांतला सव्वा गुरुवाराहून जास्तच त्याच्यासाठी गाळताय तुम्ही. हे आधी मिटवायचं. तुमचा पीएफ सात वर्षांचा जमलाय, आजारपणासाठी त्यातून अॅडव्हान्स मिळतो आणि तो परत भरायचा नसतो. यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, चालू आहे का, आधार आणि बँक जोडलंय का ते बघा आणि ऑनलाइन क्लेम टाका. सगळा काढू नका, सावकाराचं मुद्दल फिटेल आणि एखाद महिन्याचा खर्च निघेल एवढाच काढा. ते जमेपर्यंत थांबवत नसेल तर घरातलं थोडं सोनं राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवून त्यावर कर्ज घ्या, तिथलं वर्षाचं व्याज या माणसाच्या चार-पाच महिन्यांच्या व्याजाएवढं सुद्धा होत नाही. पण सोनं म्हणजे वहिनींना विचारणं आलं. पैसे परत देताना दोन माणसं बरोबर न्या, दिलेला कोरा चेक किंवा स्टँप पेपर असेल तर तो आधी हातात घ्या, मग पैसे ठेवा, आणि पोचपावती लिहून घ्या. दमदाटी करायला लागला तर लक्षात ठेवा की परवान्याशिवाय सावकारी करणं २०१४ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याची तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे होते.

जमीन विकू नका. निदान आत्ता नाही. अर्धा एकर विकून जे येईल ते डायलिसिसला दोन अडीच वर्षं पुरेल आणि मग? पुढे कधी ट्रान्सप्लांटचा विषय निघाला, वहिनी किंवा तुमचे भाऊ-बहीण कुणाची किडनी जुळली, तर तेव्हा ऑपरेशनला योजनेतून मदत आहे पण त्यानंतरच्या गोळ्या जन्मभर लागतात, तेव्हा हा अर्धा एकर कामाला येईल. कुणी एजंट पैसे देऊन किडनी मिळवून देतो म्हणाला तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका, तो तुरुंगाचा रस्ता आहे.

आणि आता वहिनी. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं कारण वरच्यातलं जवळजवळ काहीच तुम्हाला एकट्याला जमणार नाही. आठवड्यातले तीन दिवस तुम्ही मशीनवर, बाकीचे कामावर, सातपूरला कोण जाणार, सेतूत कोण उभं राहणार, लेटरची मुदत कोण बघणार? ज्या बाईने शिलाईच्या पैशातून पेढे आणून गल्लीत वाटले, तिला ते पेढे खोटे होते हे सांगणं किती अवघड आहे ते मला कळतंय. तुम्हाला वाटत असेल तिचा एवढा आनंद आपण कसा मोडायचा. पण दादा, ती त्या आनंदावर पुढचे बेत करतेय. आता दोनच आहेत म्हणजे पुढे एक होईल, मग बंद होईल असं ती देवासमोर बसून म्हणत असेल. जेवढे दिवस जातील तेवढं ते आणखी वर चढणार.

मुलगी क्लासला गेली की सांगा. ती झोपल्यावर दबक्या आवाजात नको, पोरींना सगळं ऐकू येतं. लांबण लावू नका, आधी तब्येत, मग गुरुवार, मग साठ हजार, सगळं एकाच वेळी, कारण एक सांगून एक ठेवलंत आणि ते महिन्याने कळलं तर मग विश्वास बसणार नाही. रडतील, चिडतील, दोन दिवस बोलणार नाहीत. पेढ्यांचं काढतील आणि तेव्हा तुम्हाला जमिनीत जावंसं वाटेल. ऐकून घ्या. "तुझ्यासाठीच केलं" हे मात्र म्हणू नका. मी आईला बघितलंय, त्या वाक्याने तिला सगळ्यात जास्त लागलं होतं. मग स्लिप काढा, नंबर दाखवा, सातपूरला कधी जायचं ते दोघांनी ठरवा. हे पत्र वाचायला दिलंत तरी चालेल, पण आधी तोंडाने सांगा, मग द्या.

गल्लीतले लोक विचारतील परत तीन का झाले. डॉक्टरांनी सांगितलं म्हणायचं, त्यात खोटं काही नाही, डॉक्टरांनी पहिल्यापासून तीनच सांगितली होती.

आयपी नंबर मिळाला आणि पैसे भरलेले दिसले की मला कळवा. नाही दिसले तरी कळवा, एचआरला द्यायचा अर्ज कसा लिहायचा तो मी तुम्हाला लिहून पाठवते, वहिनींच्या अक्षरात उतरवून घ्या.

तुमची,
ताई